मागितलेल्या मुदतीचे काय झाले? महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

सन्माननीय महोदय, महोदया,

एप्रिल २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे सुनावणी सुरू झाली, तेव्हा केंद्र सरकारने सर्व राज्यांना पत्र पाठवून त्यांचे मत मागवले होते. १० मे रोजी सात राज्यांची उत्तरे न्यायालयापुढे ठेवण्यात आली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध नोंदवला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम यांनी, या विषयावर सखोल आणि व्यापक चर्चा व्हायला हवी, त्यामुळे तातडीने मत देता येणार नाही, असे कळवून वेळ मागून घेतला. हे उत्तर मला तेव्हा समंजसपणाचे वाटले होते. दोन ओळींचा नकार पाठवून मोकळे होणे सोपे होते, ते आपल्या राज्याने केले नाही. मात्र त्यानंतर मुंबई आणि नागपूरची अधिवेशने झाली, २०२४ मध्ये नवी विधानसभा निवडून आली, आणि जिच्यासाठी मुदत मागितली ती व्यापक चर्चा तेवढी व्हायची राहिली. त्या चर्चेची आठवण करून देण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हे पत्र दिल्लीला न पाठवता आपल्याला का, असे कोणी विचारील. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी, विवाह करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि धर्माची अट न घालता नोंदणी विवाह करू देणाऱ्या विशेष विवाह कायद्याची भाषा न्यायालयाने बदलणे योग्य नाही, असे सांगितले. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता देण्याबाबत आणि त्यांना एकत्रितपणे दत्तक घेऊ देण्याबाबत मात्र पीठात फूट पडली. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल एका बाजूला, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह दुसऱ्या बाजूला, अशा तीन विरुद्ध दोन मतांनी ती मागणीही फेटाळली गेली. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये निकालात निघाल्या. म्हणजे हा विषय आता न्यायालयाने कायदेमंडळांच्या दारात आणून ठेवला आहे, आणि विवाह हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांच्या यादीत, असल्याने ते दार एकट्या संसदेचे नाही. तमिळनाडूने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात आपल्या राज्यापुरते कलम ७-अ घालून पुरोहिताविना होणारे स्वाभिमान विवाह वैध ठरवले, ते याच अधिकारात. केंद्रीय कायद्याशी विसंगती येत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते, एवढीच अट आहे.

केंद्राने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अशा जोडप्यांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले मानावे, बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नाही, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, अशा आशयाची पत्रे निघाली. यातले शेवटचे पत्र वाचून माझ्यासारख्या सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला खिन्न हसू आले. नातेवाईक नसतील तर! जिवंतपणी ज्यांनी तोंड पाहिले नाही ते नातेवाईक नेमके त्या दिवशी येतात, हे आस्थापना शाखेत बसलेल्या कोणालाही विचारा.

केंद्र सरकारने न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रांत या मागणीला शहरी अभिजनांची मागणी म्हटले होते. माझा अनुभव वेगळा आहे आणि तो थोडा तपशिलाने सांगते, कारण तो एका फाईलीचा अनुभव आहे आणि फाईलीत भावनेला जागा नसते.

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी शासकीय रुग्णालयात एक परिचारिका होत्या. अविवाहित होत्या. शिवणकामाचा व्यवसाय करणारी त्यांची मैत्रीण तरुणपणापासून त्यांच्याबरोबर राहत होती. त्या एकमेकींच्या कोण, हे गावाने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. हळदीकुंकवाला दोघींना बोलावणे असे, दिंडी गावात मुक्कामाला आली की दोघी मिळून पिठले-भाकरी करून वाढत. परिचारिकाबाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी वारल्या. त्यानंतर मैत्रीण आमच्या कार्यालयात आली. तिच्या पिशवीत दोघींची नावे असलेली शिधापत्रिका, गॅसचे पुस्तक, घरपट्टीच्या पावत्या आणि दवाखान्याची बिले होती. सगळे कागद वर्षावार लावलेले, सुतळीने बांधलेले. सेवापुस्तकातला कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना मी काढून पाहिला. त्यात आईचे नाव होते आणि पुढे लाल शाईत ‘मयत’ असा शेरा. बाकी रकाने कोरे. कुटुंब निवृत्तिवेतन कोणालाही देय नव्हते. प्रकरण एका ओळीच्या टिपणीवर बंद झाले. टिपणी नियमाला धरून होती.

घर परिचारिकाबाईंच्या नावावर होते आणि मृत्युपत्र केलेले नव्हते. वारसा कायद्याने ते भावाच्या मुलांकडे गेले. पुतण्यांनी कायदा मोडला नाही, गुंडगिरी केली नाही. त्यांनी वारस दाखला काढला आणि घर रिकामे करायला सहा आठवडे दिले. मृत्युपत्र करायला हवे होते, असे कोणीही म्हणेल, आणि घरापुरते ते खरे आहे. मात्र एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. भविष्य निर्वाह निधीला, उपदानाला (ग्रॅच्युइटीला) नामनिर्देशन असते. कुटुंब निवृत्तिवेतनाला ते नसतेच. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांत ‘कुटुंब’ म्हणून ज्यांची व्याख्या केली आहे त्यांनाच ते मिळते. नवरा, बायको, ठरावीक वयाची मुले, अवलंबून असलेले आई-वडील. मृत्युपत्राने घर देता येते, दागिने देता येतात, निवृत्तिवेतन देता येत नाही. पती-पत्नीला जे एका नोंदणीने आपोआप मिळते, ते अशा जोडप्याने दहा ठिकाणी दहा कागद करूनही पूर्ण मिळत नाही, आणि निरक्षर किंवा गरीब जोडप्याला दहातला एकही कागद करणे जमत नाही. तेव्हा ही अभिजनांची मागणी आहे हे म्हणणे नेमके उलटे आहे. पैसेवाल्यांना वकील परवडतो. विवाह कायद्याची खरी गरज ज्याला वकील परवडत नाही त्याला असते.

आता धर्माविषयी. या विषयावर जे विरोधात बोलले त्यांत जमियत उलेमा-ए-हिंद होती, ख्रिस्ती धर्मगुरू होते, राष्ट्रीय स्वयंसेवक संघही होता. विवाह हा हिंदू जीवनात संस्कार आहे, तो उपभोगासाठी नाही आणि करारही नाही, असे संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी मार्च २०२३ मध्ये पानिपतजवळच्या समालखा येथे सांगितले. एरवी एका व्यासपीठावर न दिसणारी ही मंडळी या एका प्रश्नावर एका सुरात बोलली, ही गंमत सोडून देऊ. या सर्वांना बुरसटलेले म्हणून झटकून टाकणाऱ्यांपैकी मी नाही. माझ्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी आहे, माळ माझ्याही गळ्यात आहे, आणि आपल्या श्रद्धेने ज्या गोष्टीला पवित्र मानले तिचे रूप बदलेल या भीतीने माणूस अस्वस्थ होतो हे मला आतून कळते. तसेच, आपल्या परंपरेत हे सगळे पूर्वीपासून मान्यच होते असे सांगत खजुराहोची शिल्पे पुढे करणाऱ्यांशीही मी सहमत नाही. शिल्पांवरून विवाहाचा हक्क सिद्ध होत नाही, आणि मनुस्मृतीत अशा संबंधांसाठी प्रायश्चित्ते आणि दंड सांगितलेले आहेत हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. परंपरेत दोन्ही सापडते. म्हणून परंपरेच्या उताऱ्यांवर हा प्रश्न सुटणार नाही.

तो आपल्या प्रांताने यापूर्वी कसा सोडवला ते मात्र आपल्याच ग्रंथालयात आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या नऊ वर्षे आधी, १९४६ साली, मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने हिंदूंमधील द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा केला, आणि लगेच १९४७ साली हिंदूंना घटस्फोटाचा अधिकार देणारा कायदा केला. दोन्ही वेळा आक्षेप आजचेच होते. विवाह हा संस्कार आहे, तो जन्मोजन्मीचा आहे, सरकारने त्यात हात घालू नये. द्विभार्या प्रतिबंधाच्या कायद्याला आव्हान दिले गेले आणि ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ हा खटला १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्यापुढे आला. एक युक्तिवाद असा होता की हिंदूला मोक्षासाठी पुत्र आवश्यक असतो, पहिल्या पत्नीपासून तो झाला नाही तर दुसरा विवाह ही धार्मिक गरज ठरते, आणि म्हणून ही बंदी धर्मस्वातंत्र्यावरचे आक्रमण आहे. छागलांनी त्याला दिलेले उत्तर मला फार मार्मिक वाटते. ज्या धर्माने पुत्राची आवश्यकता सांगितली त्याच धर्माने दत्तकाचीही सोय सांगितली आहे, तेव्हा एकपत्नीत्वाच्या चौकटीतही वंश चालू शकतो, असा त्याचा आशय होता. शिवाय राज्यघटना धार्मिक श्रद्धेचे रक्षण करते. आचार मात्र सामाजिक हिताच्या आड येत असेल तर त्याला मागे सरावे लागते, हेही त्यांनी स्पष्ट केले. तो कायदा टिकला.

विवाह म्हणजे संतती आणि म्हणून दोन स्त्रियांचा किंवा दोन पुरुषांचा विवाह असूच शकत नाही, असे आज जे सांगितले जाते त्याला याहून वेगळे उत्तर द्यायची गरज मला दिसत नाही. साठीनंतर लग्न करणाऱ्या विधुर-विधवांना आपण वर्तमानपत्रात छायाचित्र छापून शाबासकी देतो. त्यांना कोणी अपत्यांविषयी विचारत नाही.

त्याही मागे जायचे तर १८७३ साली सत्यशोधक समाजाने भटजीविना विवाह लावले, तेव्हा हा विवाहच नव्हे असे म्हटले गेले आणि लग्नातल्या दक्षिणेवरचा वतनी हक्क सांगत ग्रामजोशी, म्हणजे गावचे वतनदार पुरोहित, कोर्टात गेले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. मुलींच्या शरीरसंबंधासाठीचे किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावरून तर सारा महाराष्ट्र दुभंगला. न्या. रानडे, तेलंग, भांडारकर, आगरकर एकीकडे आणि टिळक दुसरीकडे. त्या वादात टिळकांचा मुख्य मुद्दा होता की परकीय सरकारला आमच्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने ढवळाढवळ करण्याचा अधिकार नाही, सुधारणा आमची आम्ही करू. तो मुद्दा आज कोणी वापरू पाहील तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की आपण परकीय सरकार नाही. उलट, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ हेच परकीय सरकारने १८६० साली दिलेले होते, आणि ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दूर केले.

आणखी एक नाव या संदर्भात घ्यावेसे वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीच्या प्रश्नांनाही, शांतपणे शास्त्रीय उत्तरे देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. लोक असे प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. बाबासाहेबांचे तैलचित्र लावून भाषणे होतात त्या प्रत्येक सभागृहात हा प्रसंग एकदा तरी सांगितला गेला पाहिजे.

विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य कुठे आहे तेही सांगते. महान्यायअभिकर्त्यांनी (सॉलिसिटर जनरल) न्यायालयात दाखवून दिले होते की हा बदल केला तर सुमारे १६० तरतुदींवर परिणाम होईल. हे अतिशयोक्त नाही. विशेष विवाह कायद्याचे कलम ४ ‘कोणत्याही दोन व्यक्तीं’पासून सुरू होते, पण वयाची अट पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ अशी आहे. दोन्ही पक्ष हिंदू असतील तर वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्याकडे वळतो, जिथे स्त्रीची आणि पुरुषाची संपत्ती वेगळ्या क्रमाने जाते. पोटगी, क्रूरता, घरगुती हिंसाचार, या सर्व ठिकाणी पत्नी किंवा स्त्री कोण हे गृहीत धरलेले आहे. तीस दिवसांच्या नोटिशीचा प्रश्न तर आजही आहे. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातील फलकावर नाव-पत्त्यासह लागलेली नोटीस पाहून मुलीच्या घरचे दुसऱ्या दिवशी हजर होतात, हे आंतरजातीय जोडप्यांनी भोगलेले आहे. दोन मुलींच्या बाबतीत काय होईल याची कल्पना करवत नाही. ही गुंतागुंत खरी आहे. परंतु ती कायदेमंडळाने कामाला लागण्याचे कारण आहे, हात बांधून बसण्याचे नव्हे. तैवानमध्ये २०१८ च्या सार्वमतात लोकांनी मूळ नागरी संहितेतील विवाहाची व्याख्या बदलण्यास नकार दिला, तेव्हा तिथल्या कायदेमंडळाने मे २०१९ मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. संहितेला हात लागला नाही आणि जोडप्यांना नोंदणी मिळाली. आपल्याला हाच मार्ग घ्यायचा की दुसरा, हे ठरवण्यासाठीच चर्चा हवी.

दत्तकाविषयी थोडक्यात लिहिते. एकट्या व्यक्तीला आजही दत्तक घेता येते. म्हणजे मूल त्या घरात वाढू शकतेच. फक्त त्या घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाशी त्याचे कायद्याने काही नाते नसते, आणि पहिल्याचे काही बरेवाईट झाले तर ते मूल पुन्हा पोरके होते. मुलांच्या हिताची काळजी असणाऱ्यांनी या एका वाक्याचा विचार करावा.

कोणत्याही पुरोहिताला, काझीला किंवा पाद्रीला त्याच्या श्रद्धेविरुद्ध विवाह लावायला भाग पाडू नये, हे कायद्यात नि:संदिग्धपणे लिहिले जावे अशी माझीही मागणी आहे. मंदिर, मशीद, चर्च यांनी काय पवित्र मानावे हे त्यांनी ठरवावे. मी बोलते आहे ते नोंदणी कार्यालयातल्या रजिस्टराबद्दल, आणि ते रजिस्टर कोणत्याही एका धर्माचे नाही.

आपल्याकडे मागणे असे. दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमावी. तिने मुंबई-पुण्यापुरते न बसता लातूर, अमरावती, धुळे, रत्नागिरी येथेही सुनावण्या घ्याव्यात. कीर्तनकार, मौलाना, बिशप, बौद्ध भिक्खू यांना बोलवावे, अशा जोडप्यांना बोलवावे, आणि त्यांच्या आई-वडिलांनाही बोलवावे, कारण या वादात सर्वांत कमी ऐकला गेलेला आवाज त्यांचा आहे. ज्यांना उघडपणे यायची भीती वाटते त्यांचे म्हणणे बंद दाराआड ऐकण्याची सोय असावी.

विवाहाचा निर्णय होईपर्यंत जे पूर्णपणे राज्याच्या हातात आहे त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. निवृत्तिवेतन नियमांतील कुटुंबाची व्याख्या राज्य शासन स्वतः बदलू शकते. प्रतिज्ञापत्राने घोषित केलेल्या सहजीवनसाथीचे नाव सेवापुस्तकात घेण्याची तरतूद वित्त विभागाला करता येईल. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क येतो. त्या कुटुंबीयांत साथीदार धरावा. शासकीय रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर आणि अतिदक्षता विभागाच्या दारात कोणाला विचारायचे, हे रुग्णाने आधी लिहून दिले असेल तर ते बंधनकारक मानावे, असे परिपत्रक काढायला सार्वजनिक आरोग्य विभागाला कोणत्याही न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही.

आणि सर्वांत आधी एक साधे काम. मे २०२३ मध्ये मुदत मागितल्यानंतर राज्य शासनाने केंद्राला पुढे काही उत्तर पाठवले असेल, तर ते सभागृहाच्या पटलावर ठेवण्यास आपण सरकारला सांगावे. पाठवले नसेल, तर येत्या अधिवेशनात आपल्यापैकी कोणीतरी तेवढा एक प्रश्न तारांकित करून विचारावा.

आपली नम्र,
एक सेवानिवृत्त कार्यालयीन अधीक्षक